उष्टे मणी

थेंबेकाकांचं आडनाव थेंबे नव्हतं. पण कारखान्यात नव्याने आलेल्या माणसाला ते आडनावच वाटायचं, आणि एकदा तर खुद्द मालकांनी बाहेरच्या पाहुण्यांना 'हे आमचे श्रीयुत थेंबे' अशी ओळख करून दिली होती. काकांनी नुसती मान लववली. उभा जन्म थेंब पाडण्यात गेलेल्या माणसाला याहून शोभणारं आडनाव शोधूनही मिळालं नसतं.

काम म्हटलं तर सोपं. म्हणजे सांगायला सोपं. उंच फळीवर काचेची मोठी बरणी, बरणीत कोमट, घट्टसर द्राव आणि त्या द्रावात मिसळलेले, डोळ्यांना न दिसणारे जंतू. बरणीतून खाली उतरलेली रबरी नळी, नळीच्या टोकाला बारीक चोच, आणि चोचीखाली खारट पाण्याचा टब. चोचीतून थेंब सुटतो, पाण्यात पडतो आणि बुडता बुडता त्याचा मणी होतो. वाटाण्याएवढा. बाहेरून घट्ट, आतून मऊ, आणि पोटात जंतू बसलेले. हे मणी जाळीच्या पिशव्यांत भरून कापड रंगवणाऱ्या कारखान्यांना जायचे. तिथल्या सांडपाण्याच्या टाकीत पिशव्या लोंबत सोडायच्या. जंतूंनी आतल्या आत बसून पाण्यातला रंग खायचा आणि काम उरकलं की मण्यांनी आपलं आपण विरून जायचं. मागे काडीचा कचरा राहता कामा नये.

"मणी मेलाच पाहिजे," प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणायच्या, "पण त्याच्या वेळेला."

या मॅडम वयाने काकांच्या लेकीएवढ्या. दिसेल त्या वस्तूवर आयोडीनचा थेंब टाकायचा आणि ती निळी होते का ते बघायचं, ही त्यांची खोड. त्यामुळे पाठीमागे सगळे त्यांना आयोडीन मॅडम म्हणत. एकदा कुणाच्या तरी डब्यातला बटाटाही त्यांनी निळा करून दाखवला होता. तो माणूस त्या दिवशी उपाशी राहिला.

थेंबेकाकांची खरी कला होती नळी चालू करण्यात. द्राव घट्ट, नळी लांब. मधे एखादा बुडबुडा अडकला की थेंब अडखळतो, आणि अडखळलेल्या थेंबाचा मणी होत नाही, शेपटीवाला बेडूकमासा होतो. हे होऊ नये म्हणून मालकांनी एक छोटा पंप आणून दिला होता. काका त्याला 'दमेकरी' म्हणत. त्याच्या थरथरीने थेंब लहानमोठे पडतात, असं त्यांचं ठाम मत. म्हणून रोज सकाळी मॅडम यायच्या आधी काका दार लोटून घ्यायचे, पंप शेजारी उगीच घरघरत ठेवायचे आणि नळीचं टोक सरळ तोंडात धरायचे. एक ओढ. द्राव दातांपर्यंत आला की नळी चिमटीत. बुडबुडा राहिलाच तर उलटी फुंकर, अशी की वर बरणीत गुडगुड व्हावं. मग पुन्हा ओढ. तोंडात आलेलं मोरीत थुंकायचं, ओठ रुमालाने टिपायचे, चोच बसवायची. की लागली धार थेंबांची, एकासारखा एक. नियमात हे बसत नव्हतं. पण आपलं तोंड नियमांच्या आधीपासून या कामावर आहे, असं काकांना वाटायचं.

हे बघणारी व्यक्ती एकच. धुतलेल्या बरण्या घेऊन येणाऱ्या मावशी. कारखान्यातली सगळी काचेची भांडी त्या धुवायच्या आणि बरणीवरून बोट फिरवलं की ती कुरकुर वाजली पाहिजे, हा त्यांचा दंडक. याच मावशींच्या मुलाला काकांनी आपली लेक दिली होती. लग्न ठरलं तेच मुळी मोरीपाशी, दोन बरण्यांच्या मधे. त्या दिवसापासून सगळ्या कारखान्याच्या मावशी काकांच्या विहीणबाई झाल्या आणि भर कामात "विहीणबाई, मोठी बरणी द्या" अशी हाक ऐकली की पॅकिंगच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

"व्याही," विहीणबाई एकदा दारात उभ्या राहून म्हणाल्या, "त्या बिचाऱ्या जंतूंचं काही वाटतं का तुम्हाला? नव्या घरात पाऊल ठेवलं नाही तोच तुमचं उष्टं."

काकांना ते झोंबलं. कारण उष्टं या शब्दावर त्यांची खास हुकूमत होती. घरी त्यांचा पेला वेगळा, खुंटीला वेगळा टांगलेला. चहाचा कप ते घरातसुद्धा स्वतः विसळून घेत. सख्ख्या नातीने अर्धं चावलेलं बिस्कीट पुढे केलं तर "उष्टं आहे ग" म्हणून तिचा हात बाजूला करत. अशा माणसाला उष्टं म्हणायचं?

"माझं तोंड तुमच्या बरणीपेक्षा स्वच्छ आहे, विहीणबाई."

"असेल. मी कुठे घासून बघितलंय?"

त्यावर काकांना काही सुचलं नाही. सुचलं तेव्हा विहीणबाई मोरीपाशी पोचल्या होत्या आणि पाण्याच्या आवाजात ते वाया गेलं असतं.

इतकी वर्षं या तोंडाने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं, हेही खरं. कारण तेव्हाचे मणी समुद्री शेवाळाच्या पावडरीचे होते. मग मॅडमनी नवा द्राव बसवला. त्यात शेवाळ थोडं आणि मक्याचा स्टार्च जास्त. जंतू त्यात जास्त सुखाने बसत आणि मणी विरायचाही जास्त सफाईने. काकांनी तोंड वाकडं केलं, पण दोन दिवसांत हात बसला. अर्थात तोंडही.

आणि मग पिशव्या परत यायला लागल्या.

मालकांनी पहिली पिशवी मधल्या टेबलावर ठेवून सगळ्यांना बोलावलं. आत मणी नव्हतेच. एक लिबलिबीत गोळा होता आणि त्याला आंबूस वास येत होता.

"हे काय आहे?"

पॅकिंगच्या एका बाईने नाकाला पदर लावला.

"मणी," शेवटी थेंबेकाका म्हणाले.

"हे मणी? याने भिंतीवर पोस्टरं चिकटतील. निव्वळ खळ झालीय. टाकीत टाकायच्या आधीच पिशवीत मेलेत हे. कुठे चुकतंय आपलं?"

आता काकांच्या मनात काही पाप नव्हतं. पण काही माणसांचं तोंड डोक्याच्या चार पावलं पुढे चालतं. मालकांची नजर आपल्यावर आहे एवढं दिसलं आणि तोंड चालायला लागलं.

"बरण्यांचं बघा एकदा. धुण्यात काही राहत असेल."

विहीणबाई मागे उभ्या होत्या, ओले हात पदराला पुसत. पुसायचे थांबले.

"काय म्हणालात, व्याही?"

"नाही, म्हणजे शंका. बघायला काय हरकत आहे?"

"नाही ना. बघा की," त्या म्हणाल्या आणि अर्धवट राहिलेले हात पुसून टाकले.

मॅडमनी बघितलं. मोरीच्या फळीवर त्यांना पावडरीचं पाकीट सापडलं. विहीणबाईंनी काही दिवसांपूर्वीच मोठ्या कौतुकाने आणलेलं, 'हट्टी डाग खाऊन टाकणारी' म्हणून. पाकिटामागे मुंगीच्या अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं. ते वाचून मॅडमचा चेहरा उजळला. चहाच्या सुट्टीत त्यांनी सगळ्यांना टेबलाभोवती उभं केलं.

दोन पेल्यांत पातळ स्टार्च. दोन्हींत आयोडीनचा थेंब. दोन्ही पेले शाईसारखे निळे. मग एका पेल्यात त्यांनी ती पावडर विरघळवून ओतली आणि ढवळत बसल्या. निळ्याचा जांभळा झाला, जांभळ्याचा तपकिरी, आणि चहाचे कप रिकामे व्हायच्या आत पेल्यात साधं पाणी असल्यासारखं दिसायला लागलं.

"या पावडरीत एन्झाइम असतं," मॅडम म्हणाल्या. "शाळेत आपण विकर म्हणायचो, आठवतंय? स्टार्च म्हणजे लांबच लांब माळ समजा. हे विकर ती माळ जागोजागी तोडतं आणि हातात उरते साखर. आपला मणी उभा आहे तो या माळेच्या जिवावर. ती तुटली की मणी बसला. वर जंतूंना आयती साखर. ते ती खाऊन आंबवतात, म्हणून तो वास."

"मग इतके दिवस का नाही झालं?" मालकांनी विचारलं.

"शेवाळाची माळ वेगळी. तिला हे विकर तोडू शकत नाही."

"पण आपण द्राव उकळतो ना? मरत नाही ते त्यात?"

"उकळताना पडलं तर मरतं. आपण निववून बरणीत ओततो, त्यानंतर जे मिसळेल ते जिवंत. आणि ही काही जगावेगळी गोष्ट नाही हं. आपल्या लाळेतसुद्धा हेच असतं. ब्रेडचा तुकडा न गिळता चघळत राहिलात तर गोड लागायला लागतो. बघा कधीतरी."

थेंबेकाकांच्या हातातला कप ओठांपर्यंत आला होता. तो तसाच राहिला.

समोरून विहीणबाई त्यांच्याकडे बघत होत्या. फार वेळ नाही. घड्याळात किती वाजले ते बघावं तेवढंच. मग त्या मॅडमकडे वळल्या.

"मी बरणी कुरकुर वाजेपर्यंत धुते, मॅडम. पावडरीचा कण राहत नाही."

"तुमचा दोष नाही, मावशी. पावडरीचा आहे."

"पावडर आपल्या पायांनी चालत आली का पण?" मालक म्हणाले.

बोलायची वेळ होती ती हीच. काकांना ती वेळ येताना दिसली, समोर थांबलेली दिसली आणि जातानाही दिसली. आयुष्यात कधी नव्हे ते त्यांचं तोंड डोक्याच्या मागे राहिलं.

संध्याकाळी घरी त्यांनी ताटातल्या ब्रेडचा एक तुकडा तोडला, तोंडात टाकला आणि चघळत बसले. बायको समोर जेवत होती. तिचं अर्धं ताट संपलं तरी यांचा तुकडा चालूच.

"दाढ दुखतेय?"

काकांनी मान हलवली.

"मग ब्रेड खाताय की त्याची समजूत काढताय?"

काका भिंतीकडे बघत चघळत राहिले. आधी नुसता लगदा. मग काहीच नाही. मॅडम चुकल्या असतील असं वाटून त्यांना जरा बरं वाटायला लागलं होतं, आणि तेवढ्यात जिभेच्या मागच्या बाजूला ते आलं. पुसट, पण नक्की.

"गोड लागतंय," ते म्हणाले. कुणी गेल्याची बातमी सांगावी तसे.

"मग चांगलंच आहे की," बायको म्हणाली. "उद्यापासून चहात साखर नको घालू?"

दुसऱ्या दिवसापासून काकांनी पंप सुरू केला. खरोखरचा. "दम लागतो आता," असं विचारायच्या आधीच चौघांना सांगून टाकलं. थेंब थोडे लहानमोठे पडायला लागले, पण ते एकट्या काकांनाच दिसत होतं. आपण चूक दुरुस्त केली, आता मणी टिकतील, पिशव्या परत यायच्या थांबतील, मालकांचा राग जिरेल आणि पावडरीचं प्रकरणही सगळे विसरून जातील, असा त्यांचा हिशेब होता. कुणाला काही सांगायची गरजच काय?

एक गोष्ट मात्र या हिशेबात राहून गेली. ज्या दिवशी काकांनी तोंड थांबवलं, त्याच दिवशी मोरीवरची पावडरही बंद झाली होती.

मणी टिकले. पुढच्या खेपेचे टिकले, त्याच्या पुढच्याही टिकले. रंगाच्या कारखान्यातून निरोप आला की आता माल ठणठणीत आहे. मालक खुशीत ऑफिसातून उठून काकांच्या खोलीत आले.

"झालं सिद्ध. पावडर बंद, मणी ठणठणीत. थेंबे, तुम्ही पहिल्याच दिवशी नेमकं बोट ठेवलं होतंत."

काकांनी टबात बघितलं. मणी तळाशी शांत बसले होते.

"मावशींना या महिन्यानंतर थांबवतोय," मालक पुढे म्हणाले. "गिऱ्हाइकाला काहीतरी सांगायला हवं ना. काय बदल केला म्हणून विचारतात ते."

"अहो, पण त्या... माझ्या विहीणबाई आहेत."

"म्हणून तर तुमचं जास्त कौतुक वाटतं. नात्याची भीड ठेवली नाहीत." मालकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. इतक्या वर्षांतली ती पहिली थाप. काकांना ती थपडीसारखी लागली.

चूक तर त्यांनी खरंच दुरुस्त केली होती. आणि ती जितकी छान दुरुस्त होत होती, तितकी विहीणबाईंच्या गळ्यात घट्ट बसत होती. एकेक चांगला मणी त्यांच्याविरुद्ध साक्ष देत होता आणि ते साक्षीदार काका स्वतःच्या हाताने रोज टबभर पाडत होते.

मोरीवरून येता-जाता त्यांना विहीणबाई दिसायच्या. "व्याही, बरणी," एवढंच. पूर्वीचा एकही टोमणा नाही. टोमण्याची वाट बघायची वेळ माणसावर येऊ शकते, हे काकांना ठाऊक नव्हतं. एकदा त्यांनी आपणहून विषय काढला. "विहीणबाई, आज पाणी गार आहे का हो?" त्या म्हणाल्या, "पाणी पाण्यासारखंच आहे." झालं संभाषण.

रविवारी लेक नातीला घेऊन माहेरी आली. तिच्या तोंडून आता सासरचं ऐकावं लागणार, या धास्तीने काका वर्तमानपत्रात शिरले होते. लेकीने तक्रार केली असती, रडली असती, तर त्यांना सोपं गेलं असतं. बाप म्हणून चार शब्द समजुतीचे बोलता आले असते.

"सासूबाई काहीच बोलत नाहीत, बाबा," लेक म्हणाली. "तुमच्याबद्दल तर नाहीच नाही. मला उलट जास्तच जपतायत. फक्त घरातली भांडी दोनदा धुतात हल्ली. मी धुतलेली नाही, स्वतः धुतलेली. धुतात, पुसतात, उजेडात धरतात आणि परत मोरीत ठेवतात. विचारलं तर म्हणतात, राहिलं असेल काहीतरी."

वर्तमानपत्र आणखी वर गेलं.

"आणि तुम्हाला निरोप दिलाय. नवीन बाई येईल तिला सांगा म्हणाल्या, नळीचं टोक रोज सकाळी उकळत्या पाण्यातून काढायचं. त्या स्वतः काढायच्या, तिला माहीत नसेल म्हणून."

"नळीचं टोक?"

"हो. एवढंच म्हणाल्या. तुम्हाला कळेल म्हणाल्या."

काकांना कळलं. वर्षानुवर्षं आपण तोंडात धरत होतो ते टोक रोज स्वच्छ कसं असायचं, हा प्रश्नच त्यांना कधी पडला नव्हता. स्वच्छ तोंडाची स्वच्छ नळी, असं ते समजत होते. आणि तो चहाच्या सुट्टीतला एक कटाक्ष घड्याळाकडे बघितल्यासारखा नव्हता, हेही आता कळलं.

नात गुडघ्याला येऊन टेकली. हातात चावलेलं बिस्कीट. तिने ते त्यांच्या तोंडापाशी नेलं.

"नको ग. उष्टं आहे," काका सवयीने म्हणाले.

"उष्टं म्हणजे काय?"

नातीने अगदी साधं विचारलं होतं. काका उत्तर द्यायला गेले. तिला सांगण्याजोगा अर्थ त्यांना सापडेना. शेवटी त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली आणि नातीला आजीकडे पाठवून दिलं.

सोमवारी चहाच्या सुट्टीत काकांनी मॅडमकडे दोन पेले, स्टार्च आणि आयोडीन मागितलं. मॅडमना वाटलं, थट्टा चालली आहे.

"विहीणबाई," काका मोरीपाशी जाऊन म्हणाले, "हे दोन पेले धुऊन द्या. तुमच्या त्या पावडरीने. जसे आधी धुवायच्या तसेच."

"पावडर बंद आहे."

"आजच्या दिवस."

विहीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. फळीच्या कोपऱ्यातून पाकीट काढलं, पेले धुतले, खळबळले, परत खळबळले, आणि कडेवरून बोट फिरवून कुरकुर ऐकवली. मग पेले टेबलावर आणून ठेवले आणि इतरांच्या मागे न जाता तिथेच उभ्या राहिल्या.

मॅडमनी स्टार्च ओतला. आयोडीन टाकलं. दोन्ही पेले निळे झाले. सगळे बघत राहिले. चहा निवला. पेले निळेच.

"मालकांना बोलवा," काका म्हणाले.

मालक आले. पेले बघून म्हणाले, "निळे आहेत. मग?"

"पावडरीने धुतलेत. विहीणबाईंनी. निळे आहेत," काका म्हणाले. "निळेच राहिले."

मग त्यांनी एक पेला उचलला, तोंडाजवळ नेला आणि थांबले. काय करायचं ते ठरवून आले होते. पण तोंडात थुंकीच नव्हती. जीभ टाळ्याला चिकटली होती. सगळा कारखाना भोवती उभा आणि हा माणूस निळ्या पेल्यावर तोंड धरून बसलेला. पॅकिंगच्या बायकांमधून कुणीतरी खुसकन हसलं.

"काका, बरं वाटत नाहीये का?" मॅडमनी विचारलं. "पाणी देऊ?"

"पाणी नको," विहीणबाई म्हणाल्या. "ब्रेड द्या त्यांना."

मॅडमनी गोंधळून आपल्या डब्यातला तुकडा दिला. काकांनी तो घेतला, मान खाली घालून चावला आणि गिळून टाकला. मग ते पेल्यात थुंकले. आवाज जरा मोठाच झाला. आपल्या पेल्याला उभ्या आयुष्यात कुणाचा ओठ लागू न दिलेला माणूस चारचौघांत दुसऱ्याच्या पेल्यात थुंकला, आणि चमचा घेऊन ते ढवळायला लागला.

निळा रंग लगेच जात नाही. त्याला आपला वेळ लागतो. तेवढा वेळ सगळे थेंबेकाकांच्या थुंकीकडे बघत उभे होते. निळ्याचा जांभळा व्हायला लागला तेव्हा मॅडमचा हात तोंडावर गेला. तपकिरी व्हायला लागला तेव्हा मालक खुर्चीवर बसले. पेला नितळ झाला तेव्हा कुणीच कुणाकडे बघत नव्हतं.

"नळी मी तोंडाने ओढायचो," काका पेल्याला सांगावं तसे म्हणाले. "आणि फुंकायचो. बरणीत जायचं सगळं."

"आणि पंप?" मालकांनी विचारलं.

"नुसता चालू ठेवायचो. आवाजापुरता."

"दम लागतो म्हणालात ना?"

"दम नाही लागत. मॅडम ब्रेडचं बोलल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तोंड थांबवलं. त्याच दिवशी यांची पावडर थांबली. मणी सुधारले ते माझ्यामुळे." हे बोलल्यावर ते बढाई मारल्यासारखं वाटलं, म्हणून त्यांनी घाईने जोडलं, "म्हणजे बिघडले ते माझ्यामुळे."

"म्हणजे त्या दिवसापासून तुम्हाला माहीत होतं," मालक हळूच म्हणाले.

'हो' हा शब्द एवढासा आहे, पण तो बाहेर काढायला काकांना सबंध गळा वापरावा लागला.

मॅडम खाली बघत होत्या. "दोन गोष्टी एकदम बदलल्या, हे मी बघायला हवं होतं. एकेक करून बघतात हे," त्या म्हणाल्या. "मावशी, मी..."

"तुमचं काही नाही हो," विहीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला बंद दारामागचं काय माहीत?"

मालक थोडा वेळ टेबलावर बोटं वाजवत राहिले. पाठीवर मारलेली ती थाप परत घेता आली असती तर त्यांनी घेतली असती. शेवटी उठले. "मावशी, तुम्ही कुठे जात नाही. मी जे बोललो ते बोललो नाही असं समजा." आणि काकांकडे न बघता म्हणाले, "तुमचं मी नंतर बघतो, थेंबे."

सगळे पांगले. दार ओलांडता ओलांडता पॅकिंगमधली एक बाई दुसरीला म्हणाली, "म्हणजे आजवर कारखान्याने उष्टंच विकलं म्हणायचं," आणि दुसरीने तिला कोपराने ढोसलं, पण पुरेसं जोरात नाही. काकांना दोन्ही ऐकू आलं. हे वाक्य आता आपल्याबरोबर निवृत्तीपर्यंत चालणार, हेही कळलं.

टेबलाशी दोघंच उरले. व्याही आणि विहीण.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं," काका म्हणाले.

"ब्रेडचं निघालं तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"तोंड तुमचं," विहीणबाई म्हणाल्या. "मी कसं उघडणार?"

काकांना वाटलं, आता क्षमा मागावी. ती कशी मागतात ते त्यांना नीट येत नव्हतं. मुलीचे वडील म्हणून लग्नात हात जोडायचे ते वेगळं. ते जोडलेले हात सवयीचे होते. हे हात नुसते लोंबत होते. त्यांनी काहीतरी करायला मिळावं म्हणून तो नितळ झालेला पेला उचलला आणि मोरीकडे निघाले.

विहीणबाई मागून आल्या. फळीवरचा ब्रश काढून त्यांच्या पुढे धरला. रोज दुसऱ्यांची भांडी घासून त्या ब्रशचे केस एका बाजूला झोपले होते. तो कुठल्या बाजूने धरायचा तेही काकांना कळेना. त्यांनी पेला घासला, आतून, बाहेरून, तळाला. पाण्याखाली धरला. पाणी खरंच गार होतं. मग पेला त्यांच्या हातात दिला.

विहीणबाईंनी तो उजेडात धरला. कडेवरून बोट फिरवलं. पेला चांगला खणखणीत कुरकुरला, दोघांनाही ऐकू आला.

"राहिलंय," त्या म्हणाल्या.

पेल्यात काही राहिलेलं नव्हतं. काकांना ते स्वच्छ दिसत होतं. त्यांनी पेला परत घेतला, ब्रश उचलला आणि पुन्हा घासायला लागले.